स्विचचं घड्याळ जुळवताना या चुका टाळा

इंदूरच्या सांवेर रोडवरच्या एखाद्या कारखान्यात चोरी झाली की वाद ठरलेला: कॅमेऱ्यात रात्रीचे पावणेतीन, नेटवर्क स्विचच्या (संगणक, कॅमेरे एकमेकांना जोडणारी पेटी) लॉगमध्ये, म्हणजे नोंदींत, आदल्या रात्रीचे सव्वानऊ. खोटं कुणीच नाही. स्विच यूटीसीत, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागच्या जागतिक वेळेत लिहितोय, एवढंच. सिस्को कंपनीच्या स्विचवर ‘क्लॉक टाइमझोन आयएसटी ५ ३०’ ही कमांड द्यावी लागते. त्यातले ३० विसरणारे इंदूरात कमी नाहीत. शिवाय ‘सर्व्हिस टाइमस्टॅम्प्स’च्या ओळीत ‘लोकलटाइम’ नसेल, तर घड्याळ आपली वेळ दाखवतं आणि लॉग यूटीसीतच राहतो.

खरा घोळ पुढे आहे. ‘एनटीपी सर्व्हर’ची ओळ (नेटवर्कवरून वेळ कुठून घ्यायची ते सांगणारी) टाकली, सेव्ह केलं, निघाले! वेळ जुळली का, हे कुणी बघतच नाही. ‘शो एनटीपी असोसिएशन्स’ चालवा. ज्या सर्व्हरपुढे तारा (*) आहे, त्याच्याशी वेळ जुळलीय. त्याच यादीत ‘रीच’ ३७७ म्हणजे शेवटच्या आठही विचारणांना उत्तर आलं. हा आकडा अष्टमान पद्धतीचा (फक्त ० ते ७ अंकांचा) आहे, तेव्हा ३७७ च्या वर जाणार नाही. सुरुवातीला विचारणा साधारण ६४ सेकंदांनी होते, म्हणून आठ-दहा मिनिटं थांबा, लगेच ओळी खोडू नका. रीच शून्यावरच अडकला आणि स्ट्रॅटम (मूळ घड्याळापासूनची पायरी) १६, म्हणजे ‘न जुळलेला’ दिसतोय, तर उत्तर येतच नाहीये.

आता गंमत बघा. हाच तारा ‘शो क्लॉक’मध्ये किंवा लॉगच्या ओळीपुढे दिसला तर अर्थ उलटा: ही वेळ भरवशाची नाही. वीज गेल्यावर जुने स्विच १ मार्च १९९३ ला जाऊन बसतात, तेव्हा तो हमखास दिसतो. ताऱ्याच्या जागी टिंब असेल तर वेळ आधी जुळलेली होती, आता संपर्क तुटलाय.

“अहो दादा, पिंग तर होतंय!” असं कुणी म्हणेल. होऊ द्या. पिंग, म्हणजे सर्व्हर हाक ऐकतो का हे बघणं, आयसीएमपी या प्रोटोकॉलवर जातं, वेळ यूडीपी या दुसऱ्या प्रोटोकॉलच्या १२३ पोर्टवर. फायरवॉलमध्ये परवानगी मॅनेजमेंट व्हीएलॅनला (देखभालीसाठीच्या वेगळ्या नेटवर्कला) आणि विनंती निघते भलत्याच इंटरफेसवरून, असंही होतं. म्हणून विनंती कुठल्या इंटरफेसवरून निघावी, ते ‘एनटीपी सोर्स’ने नेमून द्या. सर्व्हरचं नाव दिलं असेल तर नावावरून पत्ता शोधणारं डीएनएसही बघा.

सर्व्हर दोनच ठेवू नका. दोघांचं पटलं नाही तर खरा कोण, हे स्विचला कळत नाही. तीन-चार द्या. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे वेळ एनआयसी (राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र) किंवा एनपीएलच्या (राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा) सर्व्हरशी, नाहीतर त्यांच्यापर्यंत माग लागेल अशा सर्व्हरशी जुळलेली हवी, आणि लॉग १८० दिवस सांभाळायचे असतात. कोअर, म्हणजे मधल्या मुख्य स्विचने बाहेरून वेळ घ्यावी, बाकीच्यांनी कोअरकडून.

कोअरवर ‘एनटीपी मास्टर’ ही कमांड मात्र उगाच ठेवू नका. बाहेरचा संपर्क तुटला की तो स्वतःचीच वेळ वाटत सुटतो. सगळे स्विच एकमेकांशी जुळलेले आणि सगळेच चुकलेले! म्हणून देखरेखीत अलार्म लावायचा तो कोअरवरच: स्ट्रॅटम बदलला किंवा ऑफसेट (सर्व्हरच्या वेळेशी फरक) १०० मिलिसेकंदांवर गेला की मेसेज आला पाहिजे.