हायडनच्या ‘फेअरवेल’ सिंफनीचा जुना स्कोअर वाचताना या चुका टाळा

योझेफ हायडन यांनी १७७२ मध्ये एस्टरहाझी या सरदार घराण्याच्या दरबारासाठी लिहिलेल्या पंचेचाळिसाव्या, म्हणजेच ‘फेअरवेल’ (निरोपाच्या) सिंफनीच्या जुन्या स्कोअरची, म्हणजे सर्व वाद्यांच्या ओळी एकाखाली एक असलेल्या स्वरलिपीची, पुनर्मुद्रणे विद्यार्थ्यांनी अवश्य वापरावीत. मात्र ती वाचताना काही ठिकाणी हमखास पाय घसरतो.

पहिली चूक म्हणजे मुखपृष्ठावरचे वर्ष हेच संपादनाचे वर्ष मानणे. पुनर्मुद्रणात नवे असते ते बहुधा वेष्टन. आतली पाने जुनीच असतात, आणि त्यांत संपादकाने घातलेल्या स्लरच्या (स्वर जोडून वाजवण्याच्या) किंवा लहानमोठ्या आवाजाच्या खुणा हायडन यांच्या खुणांपासून वेगळ्या ओळखू येतीलच असे नाही. मूळ हस्तलिखित बुडापेस्टच्या सेचेनी राष्ट्रीय ग्रंथालयात आहे, म्हणून शंकेची जागा हस्तलिखितावर आधारलेल्या चिकित्सक (मूळ स्रोत तपासून संपादित केलेल्या) आवृत्तीशी ताडून पाहावी. क्रमांकावरूनही काळ ठरवू नये, कारण तो संगीत-अभ्यासक एउसेबिउस मांदिचेव्स्की यांनी केलेल्या हायडन यांच्या सिंफनींच्या यादीतला आहे आणि त्याच यादीतली बहात्तरावी सिंफनी प्रत्यक्षात पंचेचाळिसावीच्या आधीची आहे.

सर्वांत जास्त गोंधळ हॉर्न या पितळी फुंकवाद्याच्या ओळींत होतो, कारण त्याचा लिहिलेला स्वर आणि ऐकू येणारा स्वर वेगळे असतात. पहिल्या भागात एक हॉर्न ए पट्टीत आणि दुसरा ई पट्टीत आहे. म्हणजे कागदावरचा सी पहिल्याच्या हॉर्नमधून तीन अर्धस्वर खाली, ए असा उमटतो आणि दुसऱ्याच्या हॉर्नमधून आठ अर्धस्वर खाली, ई असा. दोन्ही ओळी पियानोवर जशाच्या तशा वाजवल्या की कर्कश टक्कर ऐकू येते आणि विद्यार्थी छपाईलाच दोष देतो. त्या काळच्या झडपा नसलेल्या हॉर्नवर निवडक स्वरच सहज मिळत. दोन वेगळ्या पट्ट्यांतले हॉर्न घेतल्याने हायडन यांच्या हाताशी जास्त स्वर आले. मिन्युएट या नृत्यलयीच्या भागाच्या एफ शार्प पट्टीसाठी तर त्यांना हॉर्नची पट्टी अर्ध्या स्वराने बदलणाऱ्या खास जोडनळ्या करवून घ्याव्या लागल्या.

‘बसून’ या खालच्या स्वरांच्या लाकडी फुंकवाद्याला स्वतंत्र ओळ दिसत नाही म्हणून तो गप्प आहे असे धरू नये. तो चेलो आणि डबल बेसबरोबर बेसचीच, म्हणजे सर्वांत खालची, ओळ वाजवतो.

जागा वाचवण्यासाठी जुन्या छपाईत गप्प असलेल्या वाद्यांच्या रिकाम्या ओळी गाळतात, त्यामुळे एरवी ओळ नाहीशी झाली तरी वादक जागेवरच असतो. शेवटच्या अडाजिओत, म्हणजे संथ भागात, मात्र तो खरोखरच उठून जातो: आधी पहिला ओबो (लाकडी फुंकवाद्य) आणि दुसरा हॉर्न, मग एकेक करत बाकीचे. इथे व्हायोलिनचे चार भाग होतात, त्यामुळे सवयीने फक्त वरच्या ओळीवर नजर ठेवणाऱ्याचा धागा सुटतो. प्रत्येक वाद्याच्या अखेरच्या स्वरावर पेन्सिलीने खूण करत गेल्यास शेवटी म्यूट (आवाज दबवणारा चिमटा) लावलेली दोनच व्हायोलिन उरतात.