क्लॅम्प शाबूत, टेबल खचलं: मॉनिटर आर्म बसवताना या चुका टाळा

मॉनिटरचा आर्म, माइकचा दांडा, वाचायचा दिवा, हेडफोनचा हुक. टेबलाला भोक न पाडता हे सगळं धरून ठेवतो तो खालून पेच आवळायचा क्लॅम्प. मुंबईत त्याला मागणी आहे ती उगाच नाही. भाड्याच्या घरात भिंतीला ड्रिल लावायचं म्हटलं की मालकाला विचारावं लागतं, आणि दोन-अडीच फुटांच्या टेबलावर मॉनिटरचा स्टँड पाय पसरून बसला की वही ठेवायलाही जागा उरत नाही.

तक्रार आली की लोक पहिला दोष क्लॅम्पला देतात. तो परत करतात, महागातला दुसरा मागवतात, आणि तोही महिनाभरात डुगडुगायला लागतो. क्लॅम्प असतो लोखंडाचा नाहीतर अ‍ॅल्युमिनियमचा, तो सहसा मोडत नाही. दबते, फुगते, चिरते ती टेबलाची फळी. म्हणून खरेदीच्या आधी दहा मिनिटं टेबलाखाली शिरून बघा. पुढच्या बहुतेक चुका तिथेच टळतात.

कडेची जाडी म्हणजे फळीची जाडी नव्हे

क्लॅम्पच्या खोक्यावर पकड लिहिलेली असते, उदाहरणार्थ 10 ते 85 मिलिमीटर. लोक टेबलाची कड मोजतात, 38 मिलिमीटर भरते, आणि निर्धास्त होतात. पण आपल्याकडे सुताराने घरी बनवलेल्या टेबलात फळी असते 18 किंवा 19 मिलिमीटरच्या प्लायची. ती भरीव दिसावी म्हणून कडेला खालून दुसरी पट्टी मारतात आणि वरून सनमायका चढवतात. बाहेरून टॉप दणकट दिसतो, पण पट्टी संपली की आत पुन्हा 18 मिलिमीटरच.

अशा कडेला क्लॅम्प लावला की खालची चकती, म्हणजे पेचाच्या टोकाची गोल प्लेट, अर्धी पट्टीवर आणि अर्धी हवेत राहते. पेच आवळला की ती तिरकी होते, आणि ज्यावर आर्म बसतो तो वरचा खांबही तिच्याबरोबर झुकतो. मग माणूस आर्मचे सांधे आवळत बसतो, पण आर्मचा त्यात काही दोष नसतो. उपाय सोपा आहे. पट्टीच्या आतल्या खोलगट जागेत तेवढ्याच जाडीचा प्लायचा तुकडा भरून खालची बाजू सपाट करून घ्यायची. मिस्त्रींना नुसतं ‘पॅकिंग द्या’ म्हणालात तर हाताशी असेल ते, बरेचदा दुमडलेला पुठ्ठा, खाली सरकवला जातो. तेव्हा स्पष्ट सांगा, ‘मिस्त्री, पुठ्ठा नको, प्लायचाच तुकडा द्या, आणि पट्टीच्या लेव्हलला आणा.’ पुठ्ठा दबतो, दमट हवेत मऊ पडतो आणि पकड सुटते.

कड गोल असेल, म्हणजे सनमायका वळवून खाली नेलेला असेल, तर वरची प्लेट त्या गोलाईवर टेकू देऊ नका. क्लॅम्प एवढा आत सरकला पाहिजे की वरची प्लेट आणि खालची चकती दोन्ही सपाट भागावर येतील. तेवढा आत सरकत नसेल तर तो क्लॅम्प त्या टेबलासाठी नाही.

ऑफिसच्या वर्कस्टेशनमध्ये अडचण वेगळी. फळी सहसा 25 मिलिमीटरची आणि ठीक असते, पण मागच्या कडेखालून वायरींचा रेसवे, म्हणजे वायरी नेणारी पन्हळ, किंवा लोखंडी बीम गेलेला असतो. पेच फिरवायला तिथे हात पोचत नाही. वरून मोजून ऑर्डर देऊ नका, खाली किती मोकळं आहे तेही मोजा. आणि ऑफिसचं टेबल असेल तर आधी अ‍ॅडमिनला विचारा.

फळी कशाची आहे?

सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं, म्हणून थोडं सविस्तर.

बाजारात तयार मिळणारी स्वस्त टेबलं बहुतेक पार्टिकल बोर्डची असतात. लाकडाचा चुरा गोंदात दाबून बनवलेला बोर्ड आणि दोन्ही बाजूंना पातळ छापील थर. सपाट ओझं तो बऱ्यापैकी पेलतो. एका ठिकाणी एकवटलेला दाब मात्र त्याला सोसत नाही, आणि पाणी तर अजिबात नाही. वायरीसाठी पाडलेल्या भोकातून किंवा उखडलेल्या एज बँडमधून, म्हणजे कडेला चिकटवलेल्या पातळ पट्टीतून, ओल शिरली की तो चहात बुडवलेल्या खारीसारखा फुगतो. एकदा फुगला की वाळल्यावरही पहिल्यासारखा होत नाही. जून ते सप्टेंबर मुंबईची हवा कशी असते हे वेगळं सांगायला नको. पश्चिमेच्या ओल धरलेल्या भिंतीला चिकटवून टेबल ठेवलं असेल तर मागची कड आधी जाते, आणि आपण क्लॅम्प लावतो तो नेमका मागच्याच कडेला.

दबलेली फळी ओळखायची कशी? क्लॅम्प सैल करा आणि खालून टॉर्च मारा. चकतीच्या आकाराची गोल खूण खोल गेलेली दिसेल. तिच्या कडेने छापील थराला केसासारखी बारीक चीर असेल, आणि खाली जमिनीवर किंवा सीपीयूच्या डब्यावर पिवळट भुसा सांडलेला सापडेल. नखाने त्या खुणेवर दाबून बघा. नख रुतलं तर आतला चुरा सुटलेला आहे. तिथे पुन्हा क्लॅम्प लावू नका, कितीही आवळलात तरी तो धरणार नाही. निदान वीतभर बाजूला सरका आणि या वेळी वर-खाली दोन्हीकडे पत्र्याची पट्टी घाला.

ही पट्टी म्हणजे सगळ्यात स्वस्त विमा. 4 सेंटिमीटर व्यासाच्या चकतीचं क्षेत्रफळ भरतं साधारण साडेबारा चौरस सेंटिमीटर. 10 बाय 10 सेंटिमीटरची पट्टी घातली की ते 100 होतं, म्हणजे तोच दाब आठपट जागेवर पसरतो. ऑनलाइन अशा प्लेटचे तयार जोड मिळतात. नाहीतर मस्जिद बंदरजवळ नागदेवी स्ट्रीटला हार्डवेअरच्या दुकानात 3 मिलिमीटरची लोखंडी पट्टी कापून मागा. कोपरे घासून घ्यायचे, रंगाचा हात मारायचा आणि फळीच्या बाजूला पातळ रबर चिकटवायचं. पांढऱ्या सनमायकावर काळं रबर मात्र थेट टेकवू नका. कालांतराने त्याचा पिवळा-तपकिरी डाग उमटतो, आणि तो पुसून जात नाही.

टॉप वाजवूनही बघा. बोटाच्या पेराने ठोकल्यावर ढब-ढब पोकळ आवाज आला तर आत कागदी जाळी असू शकते. 2020 च्या डिसेंबरात नवी मुंबईत दुकान उघडलेल्या आयकियाकडेही असे हलके, आतून कागदी भराव असलेले टॉप मिळतात. लॅपटॉप आणि पुस्तकांसाठी ते ठीक आहेत. क्लॅम्पच्या दाबाखाली मात्र त्यांची पातळ कातडी आत जाते. मोठ्या पट्ट्या घालून दिवा किंवा हुक लावता येईल. मॉनिटर आर्म तिथे लावू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

काचेच्या टॉपला क्लॅम्प नकोच. टफन्ड काच मधोमध जोर सहन करते, पण तिची कड नाजूक असते आणि क्लॅम्प नेमकी कडच चावतो. फुटते तेव्हा तडा जात नाही, सगळी काच एकदम चुरा होऊन खाली येते, आणि तिच्याखाली आपले पाय असतात. रबर घातल्याने हा धोका जात नाही. लाकडी टेबलावर नुसती काच अंथरलेली असेल, जशी घरोघरी डायनिंग टेबलावर असते, तर ती बाजूला काढूनच क्लॅम्प लावा.

वजनाचा हिशेब अर्धाच केला जातो

‘आर्म 8 किलो पेलतो, माझा मॉनिटर 4 किलोचा’ असा हिशेब करून लोक थांबतात. तो आकडा आर्मचा झाला. फळीला काय सोसावं लागतं ते अंतरावर ठरतं.

मॉनिटर 4 किलोचा आहे आणि आर्म लांब करून तुम्ही तो क्लॅम्पपासून 50 सेंटिमीटर पुढे ओढला आहे. क्लॅम्पची फळीवरची पकड 8 सेंटिमीटर खोल धरू. 4 गुणिले 50 म्हणजे 200, भागिले 8 म्हणजे 25. वरच्या प्लेटची पुढची कड फळीला खाली दाबते आणि खालची चकती तिला वर रेटते, आणि हा जोर ढोबळ मानाने 25 किलो वजनाइतका होतो. आर्मचं स्वतःचं वजन आणि आवळल्याचा दाब यात धरलेलाच नाही. तोच मॉनिटर 25 सेंटिमीटरवर आणला की जोर निम्मा होतो. म्हणून काम संपलं की आर्म मागे घडी करून ठेवायची सवय फळीचं आयुष्य वाढवते.

क्लॅम्प लावायची जागाही यावरूनच ठरवा. टेबलाच्या पायाजवळ किंवा आडव्या दांड्याजवळ फळी कमी वाकते. दोन पायांच्या मधोमध ती जास्त लवते. अगदी कोपऱ्यावरही नको, तिथे बोर्ड दोन्ही बाजूंनी उघडा असतो आणि तुकडा उडायला वेळ लागत नाही.

पाना घेऊन आवळू नका

क्लॅम्प हलतो म्हटलं की घरातला पक्कड-पाना बाहेर येतो. पेचाला लांब दांडा लावून आवळलं की हाताला कळतच नाही आपण किती जोर लावतोय, आणि आतला बोर्ड चिरडला जातो. पेचाचे आटे गेले तर क्लॅम्पही बाद. हाताने पुरतं घट्ट करा, मग सोबत आलेल्या अ‍ॅलन कीने थोडंसं. आठवड्याने एकदा तपासा, कारण नवीन रबर आणि फळी थोडी बसतात आणि पेच सैल वाटतो. पुन्हा तेवढंच घट्ट करा. दर आठवड्याला आवळावं लागत असेल तर फळी आत जाते आहे असं समजा आणि खालून टॉर्च मारून बघा.

आवळण्याआधी चकतीखाली वायर अडकलेली नाही ना, हे हात फिरवून पाहा. एक्स्टेन्शन बोर्डाची वायर तिथून गेलेली असते, चकतीखाली तिचं इन्शुलेशन चेपतं आणि 230 व्होल्टची तार लोखंडी पेचाला टेकू शकते. अशी चेपलेली वायर टेप मारून वापरू नका, बदला.

भिंतीला चिकटलेलं टेबल

दोन सांध्यांच्या आर्मची घडी घातली की त्याचं कोपर टेबलाच्या मागे जातं. आपल्या खोल्यांत टेबल भिंतीला टेकलेलं असतं, त्यामुळे कोपर भिंतीवर आपटतं, मॉनिटर हवा तेवढा मागे जात नाही आणि टेबल पुढे ओढावं लागतं. मुंबईत ते पाच-सहा इंच कुठून आणायचे? त्यापेक्षा क्लॅम्प टेबलाच्या बाजूच्या कडेला लावा, म्हणजे कोपर भिंतीला समांतर घडी होतं. किंवा सरळ खांबावर वर-खाली सरकणारा साधा आर्म घ्या. त्याला मॉनिटरचं वजन तोलून धरणाऱ्या गॅस स्प्रिंगची मजा नाही, पण लहान खोलीत तो जास्त कामाचा.

डुगडुगतंय, पण नेमकं कुठे?

अंदाजाने सगळे स्क्रू आवळत सुटू नका. घरातल्या कुणाला तरी टायपिंग करायला बसवा आणि तुम्ही एक बोट असं ठेवा की ते अर्धं फळीवर आणि अर्धं क्लॅम्पच्या प्लेटवर येईल. दोघांमध्ये सरकल्यासारखं जाणवलं तर पकड सैल आहे, किंवा खाली धूळ-तेलाचा थर आहे. क्लॅम्प काढा, दोन्हीकडचं ओल्या फडक्याने पुसून कोरडं करा, मग लावा. गुळगुळीत ग्लॉस सनमायकावर हे हमखास होतं. तिथे काही जाणवलं नाही तर बोट वर नेत खांबाच्या बुडाशी आणि मग प्रत्येक सांध्यावर ठेवा. कुठेच फट जाणवत नसेल आणि तरी पडदा थरथरत असेल, तर टेबलच हलतंय. पायांचे बोल्ट आवळा, लंगडणाऱ्या पायाखाली पाचर द्या.

मॉनिटर आपोआप खाली येत असेल तर क्लॅम्पला हात लावू नका, स्प्रिंगचा ताण वाढवा. आपोआप वर जात असेल तर कमी करा. अगदी हलका मॉनिटर असेल तर ताण कितीही कमी केला तरी तो वरच उडतो. आर्मला किमान वजनाचीही मर्यादा असते, आणि खरेदी करताना ती कुणी वाचत नाही. मॉनिटरचं वजन बघताना ‘स्टँडशिवाय’ लिहिलेला आकडा धरा.

गंज आणि घर बदलणं

समुद्राच्या खाऱ्या हवेत पेचाचा मुलामा लवकर जातो. पावसाळ्याच्या तोंडावर पेच पूर्ण बाहेर काढून कोरड्या ब्रशने घासा आणि आट्यांना किंचित ग्रीस लावा. चकती आणि रबराला मात्र ग्रीस लागू देऊ नका, नाहीतर पकडच जाईल.

अकरा महिन्यांचा करार संपला आणि सामान हलवायची वेळ आली की घाईत एक चूक होते. आर्म खाली दाबलेला असतानाच लोक मॉनिटर काढतात. गॅस स्प्रिंगचा आर्म वजन गेल्याबरोबर उसळी मारून वर येतो आणि थेट चेहऱ्यावर बसतो. आधी आर्म त्याच्या सगळ्यात वरच्या जागी न्या, तिथे एकाने मॉनिटर धरावा आणि दुसऱ्याने स्क्रू काढावेत. मग आर्म घडी करून सुतळीने बांधा, आणि त्यानंतरच क्लॅम्पचा पेच सोडा. मॉनिटरच्या पाठीचे चार एम-4 स्क्रू छोट्या पिशवीत घालून ती पिशवी आर्मलाच टेपने चिकटवा. हरवले आणि जागी लांब स्क्रू पिळले, तर ते पडद्याच्या आतल्या भागाला लागू शकतात.