गुंठाभर परसबागेची उन्हाळी लागवड: गादीवाफ्यापासून पुनर्लागणीपर्यंत

पुणे, सातारा या बाजूच्या पठारावर घरामागे गुंठाभर, म्हणजे १०८९ चौरस फूट जागा असेल आणि विहिरीचे पाणी मे अखेरपर्यंत टिकत असेल, तर घरापुरती उन्हाळी भाजी नक्की निघते. मात्र लागवडीची तारीख थंडी केव्हा सरते यावरून ठरवू नये. ऊन केव्हा तापते, ते आधी पाहून तेथून मागे मोजत यावे. दिवसाचे तापमान ३५ अंशांच्या पुढे गेले आणि रात्रीही उकाडा राहू लागला की टोमॅटोची फुले फळ न धरताच गळतात. त्यामुळे फुलोरा मार्चमध्येच यायला हवा, त्यासाठी रोपे फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात कायम जागी लावायला हवीत, आणि थंडीत रोपे तयार व्हायला पाच आठवडे लागतात हे धरून टोमॅटो व वांग्याचे बी जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात पडायला हवे. मिरची त्याहून सावकाश वाढते; तिचे बी डिसेंबर संपण्याआधीच टाकावे.

रोपांसाठी एक मीटर रुंद आणि १५ ते २० सेंटिमीटर उंच गादीवाफा करावा. सपाट वाफ्यात पाणी साचते आणि कोवळी रोपे जमिनीलगत कुजून कोलमडतात. बियाण्याला किलोला ५ ग्रॅम या प्रमाणात ट्रायकोडर्मा ही उपयुक्त बुरशी चोळल्यास या रोगाला बराच आळा बसतो. घरच्या चिमूटभर बियाण्याला त्याची नुसती पूड लागली तरी पुरते. दहा सेंटिमीटर अंतरावर ओळी आखून बी सेंटिमीटरभर खोल पेरावे, वरून चाळलेले शेणखत पसरावे आणि झारीने पाणी द्यावे. रात्री गारठा असेपर्यंत वाफा गवताने झाकावा, पण अंकुर दिसताच गवत काढावे, नाहीतर रोपे लांबट आणि लुसलुशीत होतात. वाफ्यावर बारीक नायलॉनची जाळी ताणण्याचा खर्च मला अत्यावश्यक वाटतो, कारण पाने आकसवणारा टोमॅटोचा पर्णगुच्छ रोग पांढऱ्या माशीमुळे पसरतो आणि रोप एकदा रोगट झाले की नंतरच्या फवारणीने ते सुधारत नाही.

तोवर जागा तयार करावी. शेणखत पूर्ण कुजलेलेच घालावे. घाई करून मी एकदा अर्धेकच्चे खत घातले आणि त्यातून आलेल्या हुमणीने (मुळे खाणाऱ्या अळीने) मिरचीची सबंध ओळ मुळापासून खाल्ली. दोडका, कारले, दुधी यांचा मांडव पश्चिमेच्या कडेला घालावा, म्हणजे एप्रिल-मेमधील दुपारनंतरच्या उन्हात त्याची सावली बाकीच्या भाज्यांवर पडते. या वेलांच्या मुळांना धक्का सोसत नाही. त्यांचे बी रात्रभर भिजवून थेट आळ्यात टोकावे, किंवा पिशवीत लावून दोन-तीन पानांवर असताना मातीचा गड्डा न फोडता हलवावे. भेंडी आणि गवार यांची पुनर्लागण करूच नये. भेंडीचे सोटमूळ तुटले की झाड खुरटते. तिचे बी फेब्रुवारीत ३० × १५ सेंटिमीटरवर जागेवरच टोकावे.

आता मुख्य काम. रोपे १२ ते १५ सेंटिमीटर उंच झाली आणि त्यांना पाच-सहा पाने आली की ती काढण्यायोग्य होतात. त्याआधी चार-पाच दिवस पाणी कमी करून त्यांना काटक करावे, पण उपटण्याच्या दिवशी वाफा चांगला भिजवावा, म्हणजे तंतुमुळे शाबूत राहतात. लागवड नेहमी दुपारी चारनंतर करावी. सकाळी लावलेले रोप मुळे रुजण्याआधीच दिवसभर पानांतून पाणी गमावते, तर संध्याकाळी लावलेल्याला सावरायला पूर्ण रात्र मिळते. सरीत (चरात) आधी पाणी सोडावे आणि वरंब्याच्या (दोन सऱ्यांमधील उंचवट्याच्या) बगलेला ओल्या मातीत रोप लावावे: टोमॅटो व मिरची ६० × ४५ सेंटिमीटरवर, वांगी ७५ × ७५ सेंटिमीटरवर. टोमॅटोच्या खोडाला मातीत मुळे फुटतात, म्हणून खालची पाने खुडून तो उरलेल्या पानांपर्यंत खोल पुरावा. मिरची आणि वांगी मात्र वाफ्यात होती तितक्याच खोलीवर ठेवावीत. बोटांनी माती घट्ट दाबावी, कारण मुळांभोवती पोकळी राहिली तर मुळे वाळतात. टोमॅटोच्या कडेने थोडा झेंडू लावावा. फळ पोखरणाऱ्या अळीचा पतंग अंडी घालायला त्याच्याकडे वळतो.

पहिले तीन-चार दिवस दुपारच्या वेळी एरंडाच्या पानांची किंवा झावळ्यांची सावली करावी. तिसऱ्या-चौथ्या दिवशी आंबवणीचे, म्हणजे लागवडीनंतरचे दुसरे, हलके पाणी द्यावे, आणि नवी पालवी दिसली की खोडापासून चार बोटे अंतर सोडून उसाचे पाचट किंवा पेंढा अंथरावा. गादीवाफ्यातील उरलेली रोपे लगेच टाकून देऊ नयेत. आठ-दहा दिवसांत जेथे मर दिसेल तेथे त्याच वयाच्या रोपांनी नांगे (रिकाम्या जागा) भरावेत.