केसलोड कसा भरतो: माझ्या वहीतलं गणित

केसलोड म्हणजे एका वेळी आपल्याकडे थेरपीसाठी येणारी माणसं. त्याचा अंदाज राहावा म्हणून दर शनिवारी मी वहीत तीन आकडे लिहिते. या आठवड्यात नवीन किती आले, किती जणांची थेरपी ठरवून संपली आणि किती जण न सांगता यायचे थांबले. प्रॅक्टिस सुरू करताय ना? मग पहिल्याच आठवड्यापासून हे लिहा.

समजा, आठवड्याला 15 सेशन्स घ्यायची आहेत आणि माणूस दर आठवड्याला एकदा, असं सरासरी 12 आठवडे येतो. 15 भागिले 12, म्हणजे आठवड्याला सव्वा, महिन्याला साधारण पाच नवे लागतात. तोच 30 आठवडे येत असेल तर दोन पुरतात. सीबीटी, म्हणजे विचार आणि वागणं बदलण्यावर भर देणारी थेरपी, बरेचदा 12 ते 20 सेशन्समध्ये आटोपते; सायकोडायनॅमिक, म्हणजे मनातल्या खोलवरच्या जुन्या गुंत्यांवरचं काम, वर्षानुवर्षं चालू शकतं. त्यामुळे तुमचा आकडा तुम्हालाच काढावा लागेल.

पण सरासरीवर विसंबू नका. बरेच जण एक-दोन सेशन्सनंतर थांबतात, थोडे वर्षभर राहतात. जाणारे जागा रिकामी करतात, राहणारे साठत जातात. दोन वर्षांनी डायरी भरलेली दिसते ती याच जुन्या माणसांनी. म्हणून दर तीन महिन्यांनी प्रत्येकासोबत बसून विचारा: आपण कशासाठी सुरुवात केली होती, कुठवर आलो?

सगळ्यात जास्त लक्ष पहिल्या सेशनला द्या. सुरुवातीच्या काळात एक बाई आल्या होत्या. पर्स मांडीवर घट्ट धरलेली, चेन सारखी उघडत-मिटत होत्या. मी पन्नास मिनिटं हिस्टरी घेत राहिले, फॉर्म पूर्ण भरला. त्या परत आल्या नाहीत. ती पर्स मला अजून दिसते. आता शेवटची दहा मिनिटं मी राखून ठेवते आणि विचारते, “जे बोलायला आलात, ते बोलून झालं का?” पुष्कळदा खरी गोष्ट तिथेच निघते.

रेफर करणाऱ्या डॉक्टरांना क्लायंटच्या संमतीने दोन ओळी कळवा. तेवढं पुरतं.

आणि नुसती डोकी मोजू नका. आत्महत्येचे विचार असलेल्या तिघांना एकाच आठवड्यात सुरू केलंत तर तिघांनाही कमी पडाल. आधी सुपरवायझरशी, म्हणजे आपल्या कामावर मार्गदर्शन करणाऱ्या अनुभवी थेरपिस्टशी बोला, गरज असेल तर एखाद्याला विश्वासू सहकाऱ्याकडे पाठवा, आणि त्याची तिथली वेळ पक्की झाल्याशिवाय हात सोडू नका. मी आठवड्यात दोन स्लॉट मोकळेच ठेवते, एखाद्याला दोन दिवसांत पुन्हा भेटावं लागलं तर.