गोव्यातल्या मुसलमान शेतकरी घरात जमिनीचे कागद कसे लावून घ्यायचे

आमच्या सत्तरी तालुक्यात वाळपईच्या आजूबाजूला मुसलमानांचे छोटे छोटे वाडे आहेत, थोडी भातशेती, काजूचं भाट म्हणजे बागायत, एखाद्याचं बरं चाललेलं सुपारी-नारळाचं कुळागर, आणि बहुतेक घरात जमीन अजून आजोबांच्याच नावावर, ते जाऊन वर्षं झाली तरी. कागद लावूया म्हटलं की पहिला वाद ठरलेला, वाटणी शरियतप्रमाणं की सरकारी? बेळगाव नाहीतर सावंतवाडीकडचे पाहुणे येतात आणि छातीठोक सांगून जातात की भावाला दोन वाटे, बहिणीला एक. त्यांच्याकडं ते बरोबर आहे, पण १९३७ चा शरियत कायदा गोव्यात लागूच नाही. इथं पोर्तुगीजांचा १८६७ चा सिव्हिल कोड सगळ्या धर्मांना चालतो, आणि वारशापुरता आता २०१२ चा सक्सेशन कायदा आहे जो डिसेंबर २०१६ पासून लागू झाला. मुलगा-मुलगी सारखेच. आपसात तुम्ही काय ठरवायचं ते ठरवा, पण कागद याच कायद्यानं होणार, त्यामुळे या वादात वर्षं घालवू नका.

सुरुवात एक-चौदाच्या उताऱ्यापासून करा, म्हणजे महाराष्ट्रातल्या सातबाऱ्यासारखा इथला जमिनीचा उतारा. ऑनलाईन निघतो, सोबत सर्व्हे प्लॅन पण काढा. बरेच जण फक्त मालकाचा रकाना बघतात आणि खूश होतात, पण कुळाचा रकाना आणि इतर हक्कांचा रकाना वाचल्याशिवाय काही खरं नाही. नावाचा घोळ तर आमच्यात हमखास असतो. सत्तरच्या दशकात सर्व्हे झाला तेव्हा ऐकू आलं तसं नाव लिहिलं गेलं, कुठं शेख पुढं, कुठं शेख मागं, कुठं नुसतं हाक मारायचं नाव, आणि एका वाड्यात एकाच नावाचे तीन चाचा. म्हणून आजोबांचा मृत्यू दाखला, जुनं घरपट्टीचं बिल, जन्मनोंदी, जे मिळेल ते गोळा करा आणि दोन्ही नावांचा माणूस एकच आहे असं अ‍ॅफिडेव्हिट करून ठेवा, नाहीतर म्युटेशनच्या, म्हणजे उताऱ्यावर नाव बदलायच्या वेळी फाईल इथंच अडते.

भाटकाराची, म्हणजे जमीनमालकाची जमीन कसणाऱ्यांनी आणखी एक बघायचं. कूळ कायद्याच्या पाचव्या दुरुस्तीनं २० एप्रिल १९७६ पासून कूळ हाच मालक धरला गेला, पण ते आपोआप कागदावर येत नाही, मामलेदाराकडं खरेदीची प्रोसिडिंग होऊन रक्कम भरून सनद घ्यावी लागते. कित्येकांनी ती घेतलीच नाही, कसतोय ना मग आपलंच, असं म्हणत दोन पिढ्या गेल्या. कुळाच्या रकान्यात नाव असेल तर आधी सनदेच्या मागं लागा. आणि अशी जमीन मिळाली म्हणून तिथं बंगल्याचे प्लॉट पाडायची स्वप्नं नकोत, १९९१ च्या कायद्यानं ती शेतीलाच ठेवावी लागते, आणि भातशेत तर २०२३ पासून बिगरशेतकऱ्याला विकता पण येत नाही.

आता लग्न, कारण गोव्यात जमिनीचा निम्मा प्रश्न तिथंच असतो. नुसता निकाह इथं कायद्याला पुरत नाही, सिव्हिल रजिस्ट्रारकडं लग्नाच्या इराद्याची पहिली सही आणि मग लग्न पक्कं करणारी दुसरी सही करावीच लागते. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची सगळी मालमत्ता एकत्र धरतात आणि बायको अर्ध्याची मालकीण असते, मग एक-चौदावर तिचं नाव असो नसो. मेहर वेगळी, तिचा याच्याशी संबंध नाही. म्हणजे अब्बा गेले तर सगळं भाट मुलांत वाटायला येत नाही, आधी अर्धं अम्मीचं, उरलेल्या अर्ध्याचा वारसा. आणि जमीन विकताना दोघांच्या सह्या लागतात. मला विचाराल तर वडीलधारे हयात असतानाच अम्मीचं नाव चढवून घ्या, फार कमी खर्चात होणारं काम आहे आणि पुढची अर्धी भांडणं वाचतात.

मृत्युपत्र करायचं तर सब-रजिस्ट्रारकडं जाऊन करा, आणि लक्षात ठेवा की आपल्या हिश्श्यातला निम्माच भाग मर्जीनं देता येतो, बाकी निम्मा मुलांचा राखीव. तोंडी हिबा, म्हणजे बक्षीस, करून मोकळे होऊ नका, गिफ्ट डीड रजिस्टर करा.

माणूस गेल्यावर सगळे वारस एकमतानं असतील तर सब-रजिस्ट्रारकडं सक्सेशन डीड, म्हणजे कोण कोण वारस ते सांगणारा दस्त, करायचं, त्यात सगळ्या वारसांची नावं, त्यांच्या नवऱ्या-बायकांसकट. एखादी आपा लग्न होऊन हुबळीला गेलीय म्हणून वगळली तर ते डीड पुढं कधीतरी अंगावर येतं. एकमत नसेल तर सिव्हिल कोर्टात इन्व्हेंटरी, तिथं मालमत्तेची यादी होते आणि कोण काय घेणार यासाठी वारसांमध्येच बोली लागते, आपल्या काजूच्या पावणीसारखी, म्हणजे लिलावासारखी. वेळ लागतो पण निकाल पक्का असतो. बेळगावला घेतलेला प्लॉट मात्र यादीतून लपवू नका, सुप्रीम कोर्टानं २०१९ मध्ये सांगितलंय की गोवेकराची गोव्याबाहेरची जमीनसुद्धा गोव्याच्याच वारसा कायद्यानं जाते.

बहिणींचं जरा स्पष्टच लिहितो. लग्नाच्या वेळी स्टॅम्प पेपरवर ‘माझा हिस्सा नको’ असं लिहून घ्यायची पद्धत आहे, तो कागद फुकट आहे, कारण जिवंत माणसाच्या वारशावरचा हक्क आधी सोडताच येत नाही. नंतर तिला मनापासून सोडायचा असेल तर रजिस्टर डीड लागतं आणि तिच्या नवऱ्याची संमती पण. भाऊ म्हणतात तिला दागिने दिले ना, तर मग हिशोब दोन्हीकडचा करा, धाकट्याला कुवेतला पाठवायला अब्बांनी दिलेले पैसे पण त्यात धरा. हे म्हटलं की बैठकीत शांतता होते. भाऊ आखातात असेल तर तिथल्या भारतीय वकिलातीत पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी करून मागवा आणि इथं आल्यावर तीन महिन्यांच्या आत स्टॅम्प करून घ्या.

राहतं घर भाटकाराच्या जागेत असेल तर ते वेगळं प्रकरण, १९७५ च्या मुंडकार (भाटकाराच्या जागेत घर करून राहणारा) कायद्याखाली नोंदणी करून घर आणि पंचायत हद्दीत भोवतालचे पाच मीटर किंवा ३०० चौरस मीटर, यात जे जास्त ते विकत घेता येतं. कबरस्तानाचा उतारा पण एकदा काढून बघा, बऱ्याच ठिकाणी ती जागा अजून कुठल्या तरी भाटकाराच्या नावावर असते आणि मालक बदलला की जमातीला कळतं.

शेवटी म्युटेशन मामलेदाराकडं, आणि वाटणी जमिनीवर उतरवायची तर डेप्युटी कलेक्टरकडं पार्टिशनचा अर्ज. मोजणी मे संपायच्या आत होईल असं बघा, जूननंतर सत्तरीत रान इतकं माजतं की सर्व्हेचा दगड सापडत नाही आणि सर्व्हेअर पुढची तारीख देऊन निघून जातो.