पत्रकारांपुढं देशाच्या धोरणावर बोलायचं असेल तर

६ जानेवारी जवळ आला की मिरज, तासगाव, विटा, जत, सगळीकडं वक्त्यांची शोधाशोध सुरू होते. पत्रकार दिनाला कुणी प्राध्यापक, निवृत्त अधिकारी किंवा वकील गाठतात आणि ‘बदलतं जग आणि भारत’ असा ऐसपैस विषय हातात देतात. सांगलीत उपसंपादक म्हणून अशा भाषणांच्या बातम्या मी वर्षानुवर्षं लावल्या. आता बोलायला मलाही बोलावतात. दोन्ही बाजूंनी पाहिलेलं सांगतो.

पहिलं काम विषय कापायचं. युक्रेन, गाझा, चीन, अमेरिकेचं आयातशुल्क असं सगळं पाऊण तासात कोंबलं, तर बातमीदाराच्या वहीत ‘जग झपाट्याने बदलत असल्याचे प्रतिपादन’ एवढंच उतरतं. त्या ओळीचा वाचकाला काडीचा उपयोग नाही. त्यापेक्षा सरकारचा एक निर्णय घ्या, त्याची तारीख घ्या आणि त्याचा एक धागा जगाकडं, दुसरा आपल्या शिवाराकडं न्या.

आपल्या भागात साखर घ्यावी. १ जून २०२२ पासून केंद्राच्या परवानगीशिवाय साखर बाहेर जात नाही. देशात भाव चढू नयेत, हे सरकारचं कारण. त्याआधी २०१९ मध्ये ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि ग्वाटेमाला या तीन देशांनी भारताचा ऊसदर आणि निर्यात अनुदान यांविरुद्ध जागतिक व्यापार संघटनेत तक्रार केली होती. डिसेंबर २०२१ मध्ये निकाल भारताच्या विरोधात गेला. भारतानं अपील केलं, पण अपील ऐकणारं मंडळच डिसेंबर २०१९ पासून ठप्प आहे, कारण नव्या सदस्यांच्या नेमणुका अमेरिकेनं अडवल्या. ज्या एफआरपीसाठी, म्हणजे केंद्रानं ठरवलेल्या उसाच्या किमान दरासाठी, इथं शेतकरी रस्त्यावर उतरतो, तीच व्यापार संघटनेच्या जिनिव्हातल्या मुख्यालयात भारताविरुद्धचा आरोप म्हणून मांडली गेली. एवढं नीट उलगडून सांगितलं तर वाळव्याचा बातमीदार मान वर करून ऐकतो. त्यात ब्राझीलचा दुसरा पदर जोडा: कच्चं तेल महागलं की तिथले कारखाने ऊस इथेनॉलकडं वळवतात, जगात साखर कमी येते आणि भाव चढतो.

ग्रामीण पत्रकारांना हे जड जाईल, असं समजून सोपं-सोपं बोलणारे वक्ते मला पटत नाहीत. सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्र्यात जन्मलेले यशवंतराव चव्हाण १९६२ मध्ये संरक्षणमंत्री झाले आणि १९७४ ते ७७ परराष्ट्रमंत्री होते. जगाचं राजकारण या भागाला परकं नाही. तपशील मात्र इथल्या मापात द्यावा लागतो.

माप म्हणजे काय ते सांगतो. २०२५-२६ च्या हंगामाची एफआरपी १०.२५ टक्के उताऱ्याला (उतारा म्हणजे उसातून निघणाऱ्या साखरेचं प्रमाण) क्विंटलमागं ३५५ रुपये. दिल्लीचा आकडा क्विंटलचा, आपला शेतकरी बोलतो टनावर. शिवाय उतारा ०.१ टक्क्यानं वाढला की ३ रुपये ४६ पैसे वाढतात. म्हणजे १२ टक्के उताऱ्याच्या कारखान्याला क्विंटलला ४१५ रुपये ५५ पैसे, टनाला ४,१५५ रुपये होतात. यातून तोडणी-वाहतूक वजा झाली की उरतं ते शेतकऱ्याचं. हा हिशेब फळ्यावर मांडा, भरभर तोंडी सांगू नका. ‘३५५’ वर टनाचा शिक्का बसून छापून आलं की गावात दिवसभर त्याचीच चर्चा होते.

म्हणून एका पानाचं टिपण छापून न्या, प्रत्येकाच्या हातात पडेल इतक्या प्रती काढा. त्यात तारखा, आकडे आणि प्रत्येक आकडा कुठून घेतला ते असावं: राजपत्रातली अधिसूचना, पीआयबीचं, म्हणजे केंद्राच्या पत्र सूचना कार्यालयाचं, पत्रक किंवा लोकसभेतलं लेखी उत्तर. निर्यातीच्या अधिसूचना विदेश व्यापार महासंचालनालयाच्या संकेतस्थळावर मिळतात, त्यांचा क्रमांक लिहा. खाली रेघ मारून ‘माझं मत’ असं स्वतंत्र लिहा. रात्री पान लावणाऱ्या माणसाला माहिती कुठं संपली आणि मत कुठं सुरू झालं हे दिसलं, की मथळा चुकत नाही. या एका पानासाठी मी भाषणापेक्षा जास्त वेळ देतो.

मत जरूर मांडा. आधी सरकारचं म्हणणं, मग विरोधकांचं, दोन्ही त्यांना स्वतःला मान्य होईल अशा शब्दांत, आणि मग तुमचं. सभागृहात सगळ्या पक्षांच्या जवळची माणसं बसलेली असतात.

वेळ सकाळी अकराची मागून घ्या. संध्याकाळी ठेवलं तर तालुक्याची पानं आधीच छपाईला सुटतात. मुख्य मुद्दा पहिल्या पाच मिनिटांत सांगा, कारण युट्यूब चॅनलवाले बाइट घेऊन पुढच्या कार्यक्रमाला निघतात. बाळशास्त्री जांभेकर आणि १८३२ चं ‘दर्पण’ यांना दोन वाक्यांत मनापासून वंदन करा. समोरच्यांना तो इतिहास पाठ आहे.

पंचवीस मिनिटं बोला, तेवढाच वेळ प्रश्नांना ठेवा. तासगावचा कुणीतरी विचारणारच, ‘अफगाणिस्तानच्या बेदाण्यावर सध्या आयातशुल्क किती?’ माहीत नसेल तर अंदाज ठोकू नका. त्याचा नंबर घ्या आणि दुसऱ्या दिवशी दुपारच्या आत उत्तर कागदासह पाठवा. हा शब्द पाळलात तर पुढच्या वेळी धोरणाची बातमी लिहिताना तो आधी तुम्हाला फोन करेल. आणि ‘हे छापू नका’ असं भर सभागृहात कधी म्हणू नका. मोबाइल चालू असतात. जे छापायचं नाही ते बोलायचंच नाही.

दुसऱ्या दिवशी सगळे अंक आणि पोर्टल पाहा. आकडा चुकला असेल तर ज्यानं बातमी लिहिली त्यालाच फोन करा. संपादकाला किंवा मालकाला नको. पोराची नोकरी तिथं असते, आणि बहुतेक वेळा चूक घाईची असते. बरोबर आकडा आणि अधिसूचनेचं ते पान त्याच्या व्हॉट्सअॅपवर टाका, म्हणजे दुरुस्ती दुसऱ्या दिवशीच्या अंकात जाते.