प्रोजेक्टरचा लॅम्प बदलताय? या चुका टाळा

चित्र अंधुक झालं किंवा प्रोजेक्टर मध्येच बंद पडला, की "लॅम्प गेला" असं ठरवून नवा मागवायचा, ही सवय शाळा, क्लासेस आणि मंडळांमध्ये पक्की रुजली आहे. त्यात चांगले लॅम्प भंगारात जातात आणि खरा दोष जागच्या जागी राहतो.

निदान न करता खरेदी

एका शाळेत घडलेला प्रकार इतरत्रही हमखास दिसतो. वर्गातला प्रोजेक्टर सुरू केल्यावर दहा-पंधरा मिनिटांत बंद व्हायचा. लॅम्प बदलला, तरी तेच. त्यातच दोष असेल म्हणून आणखी एक मागवला, तरीही तेच. दोन लॅम्पचे पैसे गेल्यावर बाजूची जाळी उघडली गेली, तर फिल्टरवर खडूच्या पुडीचा जाड थर. शिवाय यंत्र भिंतीला चिकटवून ठेवलेलं. थंड हवा आत येत नव्हती, गरम हवा बाहेर जात नव्हती, आणि तापमान वाढलं की सर्किट आपलं काम चोख करून लॅम्प बंद करत होतं. फिल्टर साफ केला, यंत्र भिंतीपासून हातभर पुढे ओढलं आणि काम झालं.

म्हणून आधी दिवे वाचा. एप्सनच्या यंत्रांवर 'लॅम्प' आणि 'टेंप' असे दोन वेगळे दिवे असतात. टेंपचा दिवा लागला असेल तर लॅम्पला हात लावू नका. फिल्टर, पंखा आणि हवा येण्या-जाण्याचा मार्ग तपासा. लॅम्पचा नारिंगी दिवा लुकलुकत असेल तर त्याचं आयुष्य संपत आलं आहे. संपूर्ण चित्र सारखंच मंद होणं, प्रकाश थरथरणं, बटण दाबल्यावर आतून टक आवाज येऊन काहीच न पेटणं, ही लॅम्प म्हातारा झाल्याची लक्षणं. डीएलपी यंत्राच्या (ज्यात बारीक आरशांची चिप चित्र बनवते) पडद्यावर पांढरे ठिपके वाढत चालले असतील तर दोष चिपमध्ये आहे. एलसीडी यंत्रात (ज्यात प्रकाश छोट्या पॅनेलमधून आरपार जातो) पिवळे-निळे डाग दिसत असतील तर दोष पॅनेल किंवा पोलरायझरमध्ये (प्रकाश गाळणाऱ्या पातळ पट्टीत) आहे. नवा लॅम्प घातला तर हेच ठिपके आणि डाग आणखी उजळ दिसतील, एवढंच.

फिल्टर मऊ ब्रशने किंवा व्हॅक्यूमने साफ करा, पाण्यात बुचकळू नका. आणि यंत्राच्या आत हवेचा फवारा अजिबात मारू नका. धूळ निघत नाही, ती सरकून पॅनेलवर बसते. गणेशोत्सवात वापरलेला प्रोजेक्टर परत कपाटात ठेवण्याआधी फिल्टर बघायलाच हवा. गुलाल आणि धूप यांची बारीक पूड खडूपेक्षा चिवट असते.

घाईने बंद करणं, घाईने पुन्हा चालू करणं

मॅच संपली की मंडळातले उत्साही कार्यकर्ते थेट प्लग ओढतात. ही घाई लॅम्पचा जीव घेते. हा पाऱ्याच्या वाफेचा लॅम्प आहे. चालू असताना त्याच्या छोट्याशा क्वार्ट्झच्या (उष्णता सोसणाऱ्या काचेच्या) फुग्यात सुमारे २०० बार दाब असतो, म्हणजे गाडीच्या टायरच्या जवळपास शंभरपट. ज्यांच्यामध्ये ठिणगी पडते त्या दोन इलेक्ट्रोडमधलं अंतर जेमतेम एक मिलिमीटर. पंखा अचानक थांबला की ती सगळी उष्णता क्वार्ट्झ, गोंद आणि लॅम्पच्या घरावर (बल्ब धरून ठेवणाऱ्या प्लास्टिकच्या चौकटीवर) साचते. काही नव्या मॉडेलांत लगेच प्लग काढायची सोय दिलेली आहे. तरीही रिमोटने बंद करून पंखा थांबेपर्यंत दोन मिनिटं थांबावं, हेच माझं मत.

दुसरी घाई लाइट जाऊन आल्यावरची. गरम लॅम्पमधला दाब इतका असतो की ठिणगी आरपार जाऊ शकत नाही. लोक बटण दाबत राहतात, आणि प्रत्येक फसलेल्या प्रयत्नात इलेक्ट्रोडचं टंगस्टन उडून काचेला काळपट थर चढतो. दहा मिनिटं थांबा. जिथे लाइट वारंवार जाते तिथे ६०० व्हीए (व्होल्ट-अँपिअर) क्षमतेचा साधा यूपीएस लावा. सुमारे ३०० वॅट घेणारं यंत्र नीट बंद करण्यापुरती मिनिटं तो देतो.

फक्त बल्ब घेणं

बाजारात घराशिवाय नुसता बल्ब स्वस्त मिळतो. रिफ्लेक्टरसह (प्रकाश पुढे वळवणाऱ्या आरशासह) आलेला असला तरी तो जुन्या घरात बसवताना किंचित तिरका झाला, की पडद्याचा एक कोपरा काळवंडतो. जुन्या घराचं प्लास्टिक उष्णतेने ठिसूळ झालेलं असतं, कनेक्टर सैल झालेला असतो. शंभरदा केलेल्या माणसाने बल्ब बदलावा. बाकीच्यांनी घरासकट पूर्ण लॅम्पच घ्यावा. नंबर जुळवून घ्या: एप्सनच्या ईबी-एक्स३१ ला ईएलपीएलपी८८ लागतो, ईबी-एक्स४१ ला ईएलपीएलपी९६. दिसायला सारखा आहे म्हणून घेऊ नका.

बसवताना

प्लग काढून तासभर थांबा. झाकणाचा स्क्रू सैल करा, मग लॅम्पचे स्क्रू. हे पूर्ण बाहेर येत नाहीत, जोर लावू नका. कडी धरून सरळ ओढा. यंत्र छताला असेल तर बाजूला उभे राहा. काच फुटलेली असली तर तुकडे खाली पडतात. नव्या लॅम्पच्या काचेला बोट लावू नका. लागलंच तर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून सुकू द्या, नाहीतर तेलाचा डाग तिथेच भाजला जातो.

नवा लॅम्प घातला तरी यंत्र चालू होत नाही, याचं सगळ्यात साधं कारण झाकण. त्याच्यामागे सुरक्षेचा स्विच असतो. झाकण पूर्ण बसलं नाही, तर यंत्र पेटणारच नाही.

लॅम्प किती तास चालला याचा आकडा मेन्यूतून शून्य करा, पण लॅम्प बदलल्यावरच. सूचना नको म्हणून जुन्याच लॅम्पचे तास शून्य करणारे लोक आहेत. हा आडमार्ग धोक्याचा आहे. मुदत उलटलेला क्वार्ट्झ फुटू शकतो, आणि मुलं खाली बसलेली असतात.

उंच जागेसाठीचा पंखा-मोड आपल्याकडे साधारणपणे नको. तो १५०० मीटरच्या वरच्या ठिकाणांसाठी असतो आणि महाबळेश्वरसुद्धा त्याखाली येतं.

 

लॅम्प फुटलाच तर खिडक्या उघडा, सगळ्यांना बाहेर काढा आणि वाफ विरेपर्यंत आत जाऊ नका. तुकडे व्हॅक्यूमने ओढू नका; हातमोजे घालून जाड कागदाने गोळा करा आणि बंद डब्यात भरा. फुटका असो वा संपलेला, आत पारा असतो, म्हणून तो घंटागाडीत न टाकता ई-कचरा केंद्रात द्या.